नाक दाबायला किती नाके लागतात?

घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. आपल्याकडेही आणि नेपाळातही. २०१५ सालच्या हिवाळ्यात काठमांडूत तीच टाकी ७.१ किलो भरून मिळायची, तीही नंबर लावून, ताटकळून. शेजारच्या देशाचं सैन्य सीमा ओलांडून आलं नव्हतं, कुणी युद्ध पुकारलं नव्हतं. तरी राजधानीतल्या घरोघरच्या शेगडीपर्यंत शेजाऱ्याचा हात पोचला होता.

लहान देशाने बलाढ्य शेजाऱ्याला घाबरावं का, हा प्रश्न निघाला की बोलणं रणगाडे, विमानं आणि नकाशांवर जातं. माझ्या मते तिथेच गफलत होते. बहुतेक लहान देशांना शेजाऱ्याच्या रणगाड्याची गाठ कधीच पडत नाही, रोज गाठ पडते ती नाक्याची. तेव्हा विचारायचे प्रश्न दोनच: माल किती नाक्यांतून येतो, आणि ते बंद झाले तर घरातला साठा किती दिवस पुरतो? आपण भारतीय हा प्रश्न नेहमी उत्तरेकडे तोंड करून विचारतो. नेपाळच्या बाबतीत थोरला शेजारी आपणच आहोत, म्हणून हे उदाहरण घेतलं.

नेपाळचं क्षेत्रफळ साधारण १,४७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही थोडं कमी. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत तीन कोटींच्या किंचित खाली. तीन बाजूंना भारत, चौथ्या बाजूला हिमालय आणि पलीकडे चीन. अठराव्या शतकात पृथ्वीनारायण शाहने आपल्या राज्याला दोन धोंड्यांमधल्या कंदाची उपमा दिली, ती आजही तिथल्या प्रत्येक भाषणात ऐकू येते. उपमेत एकच खोट आहे: हे दोन धोंडे सारखे नाहीत. दक्षिणेकडचा सपाट आहे, त्यावर रस्ते आहेत, रेल्वे आहे आणि पुढे कोलकात्याचं बंदर आहे. उत्तरेकडचा धोंडा म्हणजे भिंत.

एका कंटेनरचा प्रवास बघितला की हे अवलंबणं कसं असतं ते नीट कळतं. नेपाळच्या व्यापाऱ्याचा माल जहाजाने कोलकात्याला उतरतो. तिथे भारतीय कस्टम्सकडे ट्रान्झिटचं घोषणापत्र भरायचं, कंटेनरला सील लागतं, मग तो रेल्वेने सुमारे ७०० किलोमीटरवर रक्सौलला आणि सीमा ओलांडून बीरगंजजवळच्या सिर्सियाच्या कोरड्या बंदरात. तिथे नेपाळचं ‘भन्सार’ म्हणजे जकात. माल उतरला की रिकामा कंटेनर परत कोलकात्याला पाठवायचा. या साखळीत दोन मीटर सतत चालू असतात. माल बंदरात पडून राहिला की जागेचं भाडं बंदराला, म्हणजे डेमरेज. आणि कंटेनर ठरलेल्या मुदतीत परत गेला नाही की त्याचं भाडं जहाज कंपनीला, म्हणजे डिटेन्शन. कागदावर नगांची संख्या एकाने चुकली, सीलचा नंबर जुळला नाही, रेल्वेचा रेक चार दिवस उशिरा लागला, की दोन्ही मीटर पळत सुटतात आणि मालाचा नफा तिथेच संपतो. म्हणून माल अडवायला बंदी घालावी लागतच नाही. तपासणी जरा सावकाश केली तरी पुरे. वर कुणी विचारलं तर नियमानुसारच चाललं आहे, असं सांगता येतं. नाक दाबायला जोर लागत नाही तो असा.

कायदा काय म्हणतो? समुद्रकिनारा नसलेल्या देशांना समुद्रापर्यंत जायचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या १२५ व्या कलमात स्वच्छ लिहिलं आहे. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की त्या वाहतुकीच्या अटी संबंधित देशांनी आपसांत ठरवायच्या. म्हणजे हक्क जगाने दिला आणि किल्ली शेजाऱ्याच्या खिशात ठेवली.

ही किल्ली १९८९ मध्ये फिरली. त्याआधी नेपाळने चीनकडून शस्त्रं घेतली होती, भारतीयांना कामासाठी परवाने सक्तीचे केले होते, दिल्ली चिडलेली होती. १९७८ पासून व्यापाराचा करार वेगळा आणि वाहतुकीचा वेगळा होता. दिल्लीला आता दोन्ही मिळून एकच करार हवा होता. तो जमला नाही, २३ मार्च १९८९ ला दोन्ही करारांची मुदत संपली आणि दोन नाके सोडून बाकीचे बंद झाले. वर्षभर रॉकेलसाठी रांगा लागल्या. राजा बीरेंद्रची पंचायत व्यवस्था, म्हणजे पक्षांवर बंदी असलेली राजाची राजवट, आधीच पोखरलेली होती, ती १९९० च्या जनआंदोलनात कोसळली.

यातून काठमांडूने घेतलेला धडा अगदी कारकुनी आहे आणि म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. १९९१ ला करार पुन्हा वेगवेगळे केले, म्हणजे आयात शुल्कावरून भांडण झालं तरी समुद्राची वाट त्यात ओढली जाऊ नये. १९९९ ला वाहतूक करारात दर सात वर्षांनी आपोआप मुदतवाढीचं कलम घातलं. भाषणांनी झालं नसतं इतकं संरक्षण या दोन दुरुस्त्यांनी दिलं. लहान देशाच्या परराष्ट्र खात्यात सगळ्यात मोलाचा माणूस कोण, तर करारांच्या मुदती वहीत लिहून ठेवणारा.

पण कागद भक्कम झाला तरी रस्ता रस्ताच असतो. एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसं गेली, घरं मातीत मिळाली, आणि तातोपानीचा चीनकडे जाणारा रस्ता दरडींनी बंद पडला. २० सप्टेंबरला नवी राज्यघटना जाहीर झाली. तराईतल्या, म्हणजे भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यातल्या, मधेशी लोकांना ती अन्यायकारक वाटली, कारण प्रांतांच्या सीमा आणि नागरिकत्वाची कलमं त्यांना खटकत होती. आंदोलनात चाळीसहून अधिक जीव गेले. भारताने घटनेचं स्वागत करण्याऐवजी तिची फक्त ‘नोंद घेतली’. आणि त्याच आठवड्यात माल यायचा थांबला.

भारताची भूमिका शेवटपर्यंत एकच राहिली: आम्ही काही बंद केलेलं नाही, पलीकडे आंदोलन चालू आहे, ट्रकवाले घाबरतात. नेपाळ म्हणत राहिला, ही अघोषित नाकाबंदी आहे. बीरगंजच्या मितेरी पुलावर आंदोलक तंबू ठोकून बसले होते हे खरं. पण जिथे पुलावर कुणी बसलं नव्हतं तिथेही भारताच्या बाजूला ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या आणि इंधनाचे टँकर रिकामे परतत होते, हेही खरं. नाकाबंदी अघोषित असली की तिचा सगळ्यात मोठा फायदा हाच, की ती उठवा असं सांगायला नेमकं कुणाकडे जायचं तेच कळत नाही. फेब्रुवारी २०१६ च्या सुरुवातीला पूल मोकळा झाला, तो दोन्हीकडच्या वैतागलेल्या व्यापाऱ्यांनी आणि रहिवाशांनी तंबू हटवल्यावर.

या साडेचार महिन्यांत कोणती वस्तू किती लवकर संपली, हे बघण्यासारखं आहे. पेट्रोल आधी गायब झालं असं वाटलं, पण ते गळत गळत येत राहिलं. सीमा उघडी, सायकलला आणि मोटारसायकलला जरकिन बांधून रक्सौलहून आणणाऱ्यांची रीघ लागली आणि काळ्या बाजारात तिप्पट-चौपट भावाने का होईना, मिळत होतं. औषधांचे साठे काही आठवडे टिकले. कात्रीत सापडला तो गॅस. तो दाबाखाली द्रवरूप असतो, जरकिनमध्ये भरता येत नाही. त्याला बुलेट टँकर लागतो, भरणा करायला कारखाना लागतो, साठवायला जाड पोलादी टाक्या लागतात, आणि देशाच्या नावावर अशा साठ्याची सोय नव्हती. खासगी भरणा केंद्रांत होता तेवढाच. म्हणून मग सरकारने टाकी अर्धी भरायची शक्कल काढली. दसैं आणि तिहार, म्हणजे आपले दसरा-दिवाळी, लाकडांवर पार पडले.

लोकांनी विजेकडे मोर्चा वळवला आणि इंडक्शनच्या शेगड्यांवर उड्या पडल्या. आता गणित बघा. तिथल्या गरीब घरात वीजजोडणी ५ अँपिअरची. २३० व्होल्टला ५ अँपिअर म्हणजे ११५० वॅट. इंडक्शनची साधी शेगडी १५०० ते २००० वॅट मागते. भाताचं आधण ठेवलं की मीटरचा एमसीबी पडतो. ज्यांच्याकडे १५ अँपिअरची जोडणी होती त्यांचं भागलं, पण मग प्रश्न खांबावर गेला. १०० केव्हीएच्या, म्हणजे फार तर १०० किलोवॅट पेलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर पन्नास घरं आणि सकाळी सात वाजता पन्नास शेगड्या प्रत्येकी १८०० वॅटच्या, म्हणजे ९० किलोवॅट नुसत्या शेगड्यांचे. दिवे, पंप, हीटर वेगळे. काठमांडूत त्या हिवाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाल्याच्या बातम्या येत होत्या, त्या उगाच नव्हेत. शिवाय दिवसातले कित्येक तास भारनियमन होतंच. एका इंधनाऐवजी दुसरं, हे बोलायला सोपं. पण वायर, मीटर आणि ट्रान्सफॉर्मर आधी बदललेले नसतील तर पर्याय खांबावरच जळून जातो.

चीनचं काय? हा प्रश्न प्रत्येक वेळी येतो. चीनने त्या शरद ऋतूत १३ लाख लिटर पेट्रोल भेट दिलं. तिबेटमधल्या केरुंगच्या वाटेने टँकर आले, फोटो निघाले, भाषणं झाली. देशाच्या गरजेच्या मानाने ते मोजक्या दिवसांचं पेट्रोल होतं. मार्च २०१६ मध्ये बीजिंगमध्ये वाहतूक करार झाला, २०१९ मध्ये त्याचा तपशील ठरला: त्यानजिन, शेन्झेन, लिआनयुनगांग आणि झानजियांग ही चार बंदरं नेपाळला खुली. कागदावर मक्तेदारी मोडली. पण कोलकाता ७०० किलोमीटर आणि त्यानजिन ३००० किलोमीटरहून लांब, मध्ये तिबेटचं पठार, आणि शेवटी केरुंगच्या वाटेवर, सीमेला लागून असलेली रसुवागढीची दरडींची घळ. करोनाच्या काळात चीनने आपल्या बाजूचे नाके कधी बंद, कधी एकेरी ठेवले आणि सणाचा माल महिनोन् महिने पलीकडे कुजला. नेपाळी वर्तमानपत्रांनी त्यालाही ‘अघोषित नाकाबंदी’च म्हटलं. जुलै २०२५ मध्ये पुराने रसुवागढीचा मैत्रीपूलच वाहून नेला. दुसरा शेजारी हा विमा नसतो, फार तर घासाघीस करताना दाखवायचं पान असतं. ते पानही वरचेवर दाखवलं की समोरच्याला त्याची किंमत कळते.

मग २०१९ मध्ये नेपाळने काय केलं? दक्षिणेशीच आणखी घट्ट जोडून घेतलं. बिहारमधल्या मोतिहारीपासून अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी १० सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली. वर्षाला २० लाख टन क्षमता. टँकरची रांग नाही, वाटेतली चोरी-भेसळ नाही, पुलावर तंबू पडला तरी डिझेल जमिनीखालून वाहतं. काठमांडूत तेव्हा कुरकुर झाली की झडप मोतिहारीला आहे. आहेच. पण मला यात नेपाळचा शहाणपणा दिसतो. टँकर अडले तर ‘ट्रकवाले घाबरतात’ असं म्हणता येतं. पाइपची झडप कुणीतरी हाताने फिरवावी लागते, तिला आंदोलनाचं निमित्त पुरत नाही. अघोषित गोष्ट घोषित करायला भाग पाडणं, हेसुद्धा लहान देशाचं हत्यार आहे.

अर्थात पाइप आला म्हणून साठ्याचं काम संपत नाही, आणि तिथे नेपाळ मागे पडला. नाकाबंदीनंतर ९० दिवसांच्या साठ्याची घोषणा झाली होती. टाक्या त्या मानाने उभ्या राहिल्या नाहीत. साठ्याचा हिशेब करतानाही एक चूक नेहमी होते. टाकीची क्षमता भागिले रोजचा खप, असं करून दिवस काढतात. पण टाकी कधीच गळ्यापर्यंत भरलेली नसते, आणि तळाचा काही भाग पंपाला उपसता येत नाही, त्यात गाळ-पाणी असतं. शिवाय टंचाईची नुसती कुणकुण लागली की जो तो गाडीची टाकी फुल्ल करतो, त्यामुळे पहिल्या तीन दिवसांतच आठवड्याचा खप होतो. कागदावरचे दहा दिवस प्रत्यक्षात पाच-सहाच निघतात. फिनलंडसारखा रशियाच्या शेजारचा देश आयात इंधनाचा सरासरी पाच महिन्यांचा साठा बाळगतो तो यासाठी. त्याचा खर्च गाडीवाला आणि वीजग्राहक दर बिलात मुकाट भरतो. २०१७ मध्ये सौदी अरेबियाने कतारचा एकमेव भूमार्ग बंद केला तेव्हा कतारने गाई विमानाने आणल्या. पण त्याला समुद्र होता आणि गॅसचा पैसा होता. नेपाळपाशी दोन्ही नाही. भूतानची तऱ्हा अजून वेगळी: जुलै २०१३ मध्ये निवडणुकीच्या ऐन तोंडावर भारताकडून मिळणारं रॉकेल आणि गॅसचं अनुदान थांबलं, सरकार बदललं, अनुदान पुन्हा सुरू झालं. तिथे एकही ट्रक अडवावा लागला नाही.

काही नाके तर डोळ्यांना दिसतच नाहीत. १९९३ पासून शंभर ‘भारु’ला (भारतीय रुपयांना) एकशेसाठ ‘नेरु’ (नेपाळी रुपये) असा दर बांधलेला आहे. व्यापाराला सोयीचं, पण भारताने नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द केल्या तेव्हा नेपाळच्या लोकांकडल्या आणि नेपाळ राष्ट्र बँकेच्या तिजोरीतल्याही नोटा तशाच अडकल्या. विजेचं तसंच. ज्या जलविद्युत प्रकल्पात चिनी गुंतवणूक किंवा चिनी ठेकेदार आहे त्याची वीज भारत घेत नाही. ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी नेपाळी लोकांच्या पैशांतून उभा राहिला, पण बांधकाम चिनी कंपनीचं, म्हणून त्याच्या विजेला दक्षिणेचं दार बंद. बांगलादेशाला ४० मेगावॉट विकायचे तरी तारा भारतातून, म्हणून ऑक्टोबर २०२४ चा करार तिघांचा.

भीतीचा दुसरा उपयोग राजकारण्यांना असतो. १९७५ मध्ये सिक्कीम भारतात विलीन झालं तेव्हापासून ‘सिक्किमीकरण’ हा शब्द काठमांडूत रूढ आहे आणि विरोधकाला झोडपायचं असेल तर त्याला ‘लेन्डुप’ म्हणतात, त्या विलीनीकरणाला साथ देणारे सिक्कीमचे नेते लेन्डुप दोर्जी यांच्यावरून. २०१५ च्या नाकाबंदीने तेव्हाचे पंतप्रधान के. पी. ओली यांना राष्ट्रवादाचं आयतं भांडवल दिलं आणि २०१७ च्या निवडणुकीत त्यांच्या डाव्या आघाडीने दोन-तृतीयांशाच्या जवळ जागा मिळवल्या. दिल्लीने नाक दाबलं असं धरलं, तर तोंड उघडलं ते भलत्याच बाजूला. पण याच भीतीने नेपाळचंही नुकसान केलं. कोशी (१९५४) आणि गंडक (१९५९) या नद्यांबाबत भारताशी झालेल्या करारांत आपण फसलो ही भावना इतकी खोल आहे की १९९६ चा महाकाली करार होऊन गेला, तरी त्यात ठरलेलं पंचेश्वरचं धरण अजून कागदावरच आहे.

आणि उघड्या सीमेची दुसरी बाजूही हिशेबात धरायला हवी. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री तहाच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडे राहायची, कामधंद्याची मुभा दिली आहे. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला असलेले नेपाळी गडी व्हिसाशिवाय येतात ते त्यामुळे. काठमांडूत तह मोडायच्या गर्जना होतात, एका वर्षाच्या नोटिशीने तो मोडताही येतो, पण आजवर कुठल्याच सरकारने ती नोटीस धाडली नाही. बीरगंज-रक्सौलमध्ये ‘रोटी-बेटी’चं नातं म्हणतात ते शब्दशः आहे: सासर इकडे, माहेर तिकडे.

नाकाबंदीचं खरं उत्तर हळूहळू आलं, आणि ते ना भाषणातून आलं ना बीजिंगहून. २०१६ नंतर कुलमान घिसिंग वीज प्राधिकरणावर आले आणि भारनियमन संपलं. पेट्रोलच्या गाड्यांवर कर अवाच्या सवा, विजेवरच्या गाड्यांवर त्या मानाने कमी. त्यामुळे आता नेपाळात येणाऱ्या नव्या प्रवासी चारचाकींत निम्म्याहून अधिक विजेवरच्या असतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा चिनी. पावसाळ्यात नद्या दुथडी वाहतात तेव्हा वीज उरते आणि भारताला विकली जाते. पण बहुतेक प्रकल्पांना धरण नाही, वाहत्या पाण्यावर चालतात. हिवाळ्यात पाणी आटलं की उत्पादन एक-तृतीयांशावर येतं. मग पौष-माघात काठमांडूतली चिनी गाडी रात्री चार्जिंगला लागते तेव्हा त्या विजेचा बराचसा भाग ढल्केबर-मुझफ्फरपूरच्या तारेवरून, बिहारमधून येत असतो.